माईंची तालीम



आपल्या कोल्हापुरात 'तालीम' हा शब्द नुसता उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तांबडी माती उभी राहते. गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम, शाहूपुरी तालीम. पहाटे उठून लंगोट कसलेली पोरे, त्यांचे जोर आणि बैठका, हौद्यातली मेहनत आणि कडेला उभ्या असलेल्या वस्तादांची करडी नजर. हे चित्र लहान पोरालाही ठाऊक असते. परंतु याच कोल्हापुरात, राजर्षी शाहू महाराजांच्याच आश्रयाने, आणखी एक तालीम चालत असे. तिथे माती नव्हती, तंबोरा होता. वस्ताद तिथेही होते. त्यांना उस्ताद म्हणत. शब्द मुळात एकच, बरे का! तिथेही पहाट चुकवलेली खपत नसे. आणि तिथलाही डाव पुस्तक वाचून येत नसे. गुरूपुढे बसून तो गळ्यावर चढवावा लागे.

ही गाण्याची तालीम कोल्हापुरास आणली उस्ताद अल्लादियाखाँ यांनी. खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील अत्रौलीचे, आणि उमेदीची वर्षे गेली राजस्थानातील संस्थानांत. तरुणपणी अतोनात गाण्याने त्यांचा आवाज बसला आणि पूर्वीसारखा तो पुन्हा काही लागला नाही. दुसरा कोणी असता तर तंबोरा खुंटीला टांगून मोकळा झाला असता. खाँसाहेबांनी त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी नवी, पेचदार आणि बुद्धीला खाद्य देणारी गायकी घडवली. १८९५ च्या सुमारास ते शाहू महाराजांचे दरबारी गायक म्हणून येथे आले आणि पाव शतकाहून अधिक काळ येथे राहिले. त्यांच्या गायकीला पुढे जयपूर-अत्रौली घराणे असे नाव पडले. नावात जयपूर असले, तरी ती गायकी नांदली आणि वाढली ती आपल्या पंचगंगेकाठी.

आज मी आपल्याला जी गोष्ट सांगणार आहे, ती मात्र खाँसाहेबांची नव्हे. ही तालीम जिने ऐन उमेदीत मागून घेतली, मध्येच सुटली तेव्हा पुन्हा मिळवली, आणि आपल्या घरात व घराबाहेर मुठीने वाटली, अशा एका बाईची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव मोगूबाई कुर्डीकर. घरची मंडळी आणि शिष्य त्यांना 'माई' म्हणत. १५ जुलै १९०४ रोजी त्यांचा जन्म झाला आणि १० फेब्रुवारी २००१ रोजी त्या गेल्या. शहाण्णव वर्षांचे आयुष्य! आपल्यापैकी पुष्कळांना त्या गानसरस्वती किशोरी आमोणकर यांच्या आई म्हणून ठाऊक असतील. आज लेकीच्या नावाने आईची ओळख करून न देता, आपण आईपासूनच सुरुवात करू.

गोव्याच्या दक्षिण भागात, सांगे तालुक्यात कुर्डी नावाचे गाव होते. भातशेती, माडांची आणि काजूची झाडे, जवळून वाहणारी नदी. त्या गावात मोगूचा जन्म झाला. आई जयश्रीबाई. त्या काळी गोव्यातील देवळांच्या आश्रयाने राहणाऱ्या कलावंत घराण्यांतील बायकांच्या गळ्यात गाणे पिढीजात असे, पण माथ्यावर मान नसे. मैफलीत वाहवा व्हायची, आणि मैफल उठली की लोक पाठ फिरवायचे. जयश्रीबाईंच्या गळ्यात गोडवा होता, परंतु रीतसर शिकण्याची संधी त्यांना लाभली नाही. आपल्याला जे मिळाले नाही ते लेकीला मिळावे, एवढी एकच आस त्या बाईने धरली. मुलगी आठ-नऊ वर्षांची होते न होते तोच तिला घेऊन त्या जांबावलीच्या देवस्थानी गेल्या. तेथे पोरीला भजने, पदे शिकवली. मग चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत तिला घातले. आज एखादी आई मुलीला बोर्डिंगात ठेवते ना, तसाच तो प्रकार. कारण त्या काळी गरीब घरच्या मुलीला गाणे शिकण्याची शाळा म्हणजे नाटक कंपनी हीच होती.

आणि १९१४ साली जयश्रीबाई वारल्या. मोगू तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. जाताना आईने लेकीजवळ एकच मागणे मागितले, असे सांगतात: तू मोठी गायिका हो. पोरक्या पोरीच्या पदरी घर नाही, शेत नाही, पैसा नाही. आईचे हे शब्द मात्र होते.

पुढे ती कंपनी बुडाली. मोगू सातारकर स्त्री संगीत मंडळीत आली. या मंडळीत सगळी पात्रे बायकाच रंगवीत, पुरुषांच्या भूमिकादेखील. तेथे मोगूने 'सौभद्रा'तील सुभद्रा आणि 'पुण्यप्रभावा'तील किंकिणी अशा भूमिका केल्या. चिंतुबुवा गुरव यांच्याकडून गाण्याचे धडे मिळाले, नृत्याचेही शिक्षण झाले. नाव होऊ लागले. आणि नाव होऊ लागले की हेवाही वाढतो. कंपनीत खटके उडाले आणि एक दिवस या मुलीला तेथून बाहेर पडावे लागले. त्यात तिची प्रकृती बिघडली. घरातल्या मंडळींनी औषधोपचारासाठी तिला सांगलीस आणले. हे साल १९१९.

आता पुढचा प्रसंग आपण नीट ऐकावा अशी माझी विनंती आहे. सांगली म्हणजे कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर. तेथे माडीवर एका खोलीत बसून ही पंधरा वर्षांची मुलगी रोज मेहनत करी. जेवढे येत होते तेवढेच पुन्हा पुन्हा घोटायचे. सांगणारा कोणी नाही, चुकले तर कान पिळणारा कोणी नाही. खालच्या रस्त्याने एक वृद्ध गृहस्थ जात-येत असत. तेही सांगलीला औषधासाठीच येऊन राहिले होते. डोईला फेटा. एके दिवशी ते थांबले, जिना चढून वर आले आणि म्हणाले, मुली, गा पाहू. तिने गायिले. दुसऱ्या दिवसापासून ते रोज येऊन शिकवू लागले. हे गृहस्थ कोण, हे मोगूला पहिल्यांदा ठाऊकही नव्हते. ते होते कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखाँ. वय चौसष्ट वर्षांचे. मोठमोठे सरदार ज्यांच्या शिकवणीसाठी तिष्ठत, ते खाँसाहेब एका अनाथ, आजारी मुलीच्या खोलीचा जिना आपण होऊन चढत होते! गोष्ट चमत्कारासारखी वाटते खरी. परंतु तिच्यात एक बारीक मुद्दा आहे. मोगू त्या वेळी गात नसती, तर खाँसाहेब रस्त्याने सरळ निघून गेले असते. नशीब दारावरून जात होते हे खरे. पण घरात तंबोरा वाजत होता, म्हणून ते थांबले.

सुमारे दीड वर्ष ही तालीम चालली. मग १९२२ च्या मे महिन्यात शाहू महाराज गेले. दरबार उरला, पण दरबाराचा प्राण गेला, आणि खाँसाहेबांनी मुंबईस बिऱ्हाड हलवले. मोगूबाईही मागोमाग मुंबईस गेल्या. विद्या अर्ध्यावर टाकायची नाही, हा निश्चय. पण तिथे वाट सोपी नव्हती. मुंबईत खाँसाहेबांची शिकवणी म्हणजे धनिकांच्या मानापमानाचा विषय झाला होता. ज्यांच्या पाठीशी पैसा होता, त्यांच्या अटी चालत. मोगूबाईंच्या पाठीशी कोणीच नव्हते. त्यांची तालीम तुटली.

तेव्हा त्यांनी काय केले? रुसून बसल्या नाहीत. आग्रा घराण्याचे बशीरखाँ आणि विलायत हुसेनखाँ यांच्याकडे त्या शिकल्या. मग अल्लादियाखाँसाहेबांनीच आपले धाकटे बंधू हैदरखाँ यांच्याकडे त्यांना सोपवले आणि तुटलेला धागा पुन्हा जुळला. १९२६ पासून काही वर्षे हैदरखाँ यांनी त्यांना मन लावून शिकवले. ती तालीमही पुढे अशाच दडपणापायी बंद पडली. अखेर १९३४ साली खाँसाहेबांनी मोगूबाईंच्या मनगटाला गंडा बांधला आणि रीतसर शिष्या म्हणून त्यांचा स्वीकार केला. हिशेब करा, श्रोतेहो. सांगलीचा तो जिना १९१९ सालचा, आणि गंडा १९३४ सालचा. मध्ये पंधरा वर्षे गेली. आपल्या शाळेत एखादे पोर पहिलीत येते आणि कॉलेजातून बाहेर पडते, एवढा हा काळ. त्यानंतर १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत ही तालीम चालू होती.

या गायकीत एवढे अवघड ते काय, असे कोणी विचारील. शास्त्रात न शिरता मी एक घरचा दाखला देतो. आपल्या जुन्या लोकांनी मोट पाहिलेली आहे. बैल धावेवरून खाली उतरतात, मोट भरून वर येते, थारोळ्यात पाणी ओतते आणि बैल पुन्हा मागे सरतात. ही फेरी ठरलेली. तबल्याच्या तालाचेही तसेच असते. तीनतालाच्या सोळा मात्रा झाल्या की फेरी पुरी होते आणि पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, गवयाला यावेच लागते. मोटकरी नुसता नाडा धरून बसत नाही. तो बैल हाकताना गाणेही म्हणतो, आणि त्याचे गाणे नेमके पाणी पडायच्या वेळी संपते. जयपूर घराण्याचा गवई ती अख्खी फेरी स्वरांनी भरून काढतो. कोठे मोकळी जागा नाही, कोठे ओढाताण नाही, आणि समेवर तर असा अलगद येतो की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलावी. शिवाय या घराण्यात बसंती केदार, सावनी नट, संपूर्ण मालकंस असे अनवट राग. दोन रागांची वाट एकमेकींत मिसळलेली. पाऊल जरा चुकले की दुसऱ्याच्या शेतात! मोगूबाईंची लयीवरची हुकमत अशी होती, की जाणकार आजही ती नावाजतात. शुद्ध आकार, ठाय लय आणि गाण्यात कोठेही उथळ लाडीगोडी नाही. त्यांनी स्वतः बंदिशी आणि तराणेही बांधले.

आता त्यांच्या घरात डोकावू. मोगूबाईंचा विवाह माधवदास भाटिया यांच्याशी झाला. त्यांना तीन मुले झाली: किशोरी, ललिता आणि उल्हास. किशोरी थोरली, १९३२ सालची. ती सहा-सात वर्षांची असतानाच माधवदास वारले. म्हणजे पहा, आई दहाव्या वर्षी गेली आणि नवरा ऐन पस्तिशीच्या आत-बाहेर. पदरी तीन लेकरे. मुंबईसारखे शहर. मिळकतीचे साधन एकच, गळा. आपल्या खेड्यात अशी एकटी बाई दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाते आणि लेकरे वाढवते. मोगूबाई मैफलींना जात. काम निराळे, घाम तोच.

आणि मैफलींचे त्या वेळचे दिवस काही सुखाचे नव्हते. किशोरीताई लहानपणी आईच्या मागे बसून तंबोऱ्यावर साथ करीत. त्या पुढे अनेकदा सांगत, की आई गावोगाव तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून जायची, उतरायचे ते कोणाच्या तरी घरी, आणि बिदागी हातावर पडायची ती तुटपुंजी. गाणे राजवाड्यात शोभेल असे, पण वागणूक सांगकाम्यासारखी. माईंनी हे सगळे मुकाट्याने सोसले. लेकरांच्या ताटात भाकरी पडायची होती. पण मागे बसलेली ती मुलगी सारे पाहत होती. पुढे किशोरीताई मोठ्या झाल्या तेव्हा कलावंताच्या मानाविषयी त्या फार कडक राहिल्या. गाणे चालू असताना कोणी कुजबुजले तरी त्यांना खपत नसे. लोक म्हणत, बाई तापट आहेत. लोकांना राग दिसला. त्या रागाच्या मुळाशी आईचा तिसऱ्या वर्गाचा प्रवास होता, हे फार थोड्यांना दिसले.

माई शिकवीत कशा, हेही ऐकण्यासारखे आहे. विशेषतः माझ्या शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी. किशोरीताई सांगत, की आई बंदिशीची ओळ दोनदा गाऊन दाखवी. तिसऱ्यांदा नाही. त्या दोन वेळांत स्वर, शब्द, लय, श्वास कोठे घ्यायचा, सम कशी गाठायची, सारे कानांनी टिपून घ्यायचे. आपल्याला वाटेल, ही कसली शिस्त? पोटच्या पोरीशी एवढे कठोर? मला त्यात कठोरपणा दिसत नाही. तिसऱ्यांदा सांगणार आहेत हे पोराला ठाऊक असले, की ते पहिल्या दोन वेळी लक्ष देत नाही. हा आपल्या वर्गातला रोजचा अनुभव आहे की नाही? आपण फळ्यावर लिहितो, वहीत उतरवून देतो, पुन्हा तोंडी सांगतो; आणि मुलाचा कान मात्र बोथट राहतो. माईंच्या घरी वही नव्हती. कान हीच वही.

पण शिस्त म्हणजे कोतेपणा नव्हे. आपल्या घराण्याबाहेरचे मुलीच्या कानावर पडूच द्यायचे नाही, असा हट्ट माईंनी धरला नाही. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर, आग्रा घराण्याचे अन्वर हुसेनखाँ, ग्वाल्हेर घराण्याचे शरच्चंद्र आरोळकर, अशा निरनिराळ्या गुरूंकडे किशोरी शिकली. आपल्या घरातले बियाणे चांगले आहे याची खात्री असलेला शेतकरी शेजाऱ्याचे रान पाहायला भीत नाही, तसेच हे.

जिथे नाही म्हणायचे तिथे मात्र त्या ठाम नाही म्हणत. १९६४ साली 'गीत गाया पत्थरों ने' या चित्रपटासाठी किशोरीताई गायिल्या. माईंना ते रुचले नाही. पुन्हा सिनेमाच्या वाटेला गेलीस तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावायचा नाही, असे त्यांनी बजावल्याची हकीकत किशोरीताईंनीच सांगितलेली आहे. आता सिनेमाचे गाणे वाईट, असे मी म्हणत नाही. कोल्हापूरच्या माणसाने तरी तसे म्हणू नये. या गावाने मराठी सिनेमा अंगाखांद्यावर वाढवला आहे. माईंचे म्हणणे एवढेच, की जी विद्या मिळवायला मला पंधरा वर्षे दारोदार फिरावे लागले, ती तू वाटेत ठेवून दुसरीकडे जाऊ नकोस. आईचा तो धाक लेकीने मानला. पुढे किशोरीताईंना १९८७ साली पद्मभूषण आणि २००२ साली पद्मविभूषण मिळाले. आपल्या आईचे गाणे जसेच्या तसे न गाता त्यांनी त्यात स्वतःच्या भावनेची भर घातली, एवढी की त्याची वेगळीच वाट पडली. कोणी म्हणाले, हे घराण्याबाहेरचे झाले. पण खाँसाहेबांनीही आपल्या बसलेल्या आवाजासाठी नवी वाट काढलीच होती की! तालीम पक्की असली म्हणजे पुढचा माणूस आपला डाव काढू शकतो. कच्च्या पैलवानाने नवा डाव काढला तर तो स्वतःच पडतो.

माईंनी ही विद्या केवळ रक्ताच्या नात्यापुरती ठेवली नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. खरे म्हणजे ती दडवून ठेवायला त्यांना हक्क होता. इतक्या हालांनी मिळवलेली वस्तू माणूस गाठीला बांधून ठेवतो. पण त्यांच्याकडे परक्या घरची मुले-मुली येत आणि शिकून जात. कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर ही नावे संगीताच्या जगात मानाने घेतली जातात. अरुण द्रविड यांच्यासारखे शिष्य एकीकडे इंजिनियर झाले आणि दुसरीकडे गाणेही त्यांनी सांभाळले. माईंना १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७४ साली पद्मभूषण मिळाले. ज्या समाजाने आईला मान दिला नव्हता, त्याच समाजाने लेकीला शाल पांघरली. मध्ये साठ वर्षे गेली, एवढेच.

इकडे कोल्हापुरात त्याच गायकीची दुसरी फांदी वाढत होती. अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जीखाँ येथे राहिले. त्यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले, आणि याच गावच्या धोंडूताई कुलकर्णीही शिकल्या. एका वस्तादाची तालीम. तिच्या फांद्या मुंबईला गेल्या, धारवाडला गेल्या, पण मुळी येथलीच.

आता कुर्डी गावाविषयी सांगतो, आणि मग पुरे करतो. मोगूबाईंनी आपल्या नावापुढे गावाचे नाव लावले, 'कुर्डीकर'. गोव्यातल्या कितीतरी गायिकांनी असेच केले. वडिलांचे नाव समाज विचारी, आणि त्या गावाचे नाव सांगत. पुढे सांगे तालुक्यात साळावली नदीवर धरण झाले. दक्षिण गोव्याला पाणी हवे होते. १९८६ च्या सुमारास कुर्डी गाव पाण्याखाली गेले आणि तेथली माणसे दुसरीकडे वसली. धरणग्रस्त म्हणजे काय, हे काळम्मावाडीच्या किंवा चांदोलीच्या माणसाला मी सांगायला नको. जुने महादेवाचे देऊळ दगड दगड सोडवून दुसऱ्या जागी उभे करण्यात आले. उरलेले सारे बुडाले. परंतु दर वर्षी उन्हाळ्यात पाणी ओसरते आणि मे महिन्यात कुर्डी पुन्हा वर येते. घरांची जोती दिसतात, विहिरीचे कठडे दिसतात, झाडांची वठलेली खोडे दिसतात. आणि तेथले जुने रहिवासी, हिंदू तसेच ख्रिस्ती, आपापला उत्सव करायला त्या चिखलात परत येतात. आपल्या घराच्या जोत्यावर घटकाभर बसतात. पाऊस लागला की गाव पुन्हा बुडते.

ज्या गावाचे नाव माईंनी लावले ते गाव त्यांच्या हयातीतच बुडाले. तरी 'कुर्डीकर' हे नाव काही बुडाले नाही. ते त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवर आहे, शिष्यांच्या तोंडी आहे. किशोरीताईंची नात तेजश्री आमोणकर आज मैफलीत गाते, म्हणजे माईंची पणती. गावाला जोते लागते. विद्येला एक माणूस पुरतो, पण तो लागतोच.

हे मला इतके का वाटते, ते शेवटी सांगतो. मी पन्हाळ्याच्या बाजूला एका खेड्यात शिक्षक होतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती, अबोल, मागच्या रांगेतली. एकदा शाळेत हस्तकलेचा तास चालू असता ती आपल्याच नादात काही गुणगुणत होती. मी जवळ जाऊन ऐकले, तर जात्यावरच्या ओव्या. एकीतून दुसरी निघत होती. मी विचारले, "कुणी शिकवल्या गं?" म्हणाली, "आज्जीनं. तिला लई येत्यात. माझ्या ध्यानात थोड्याच ऱ्हायल्यात." मी म्हटले, एकदा घरी येतो आणि आजीच्या तोंडून सगळ्या उतरवून घेतो. मग परीक्षा आल्या, जनगणनेचे काम आले, पाऊस आला. पुढच्या वर्षी शाळा भरली तेव्हा ती मुलगी म्हणाली, "गुरुजी, आज्जी गेली की ओ." मी तिला येत होत्या तेवढ्या ओव्या लिहून घेतल्या. त्या अठरा भरल्या. बाकीच्या किती होत्या, ते आता कोणालाच कळणार नाही. त्या म्हातारीने सांगायला नाही म्हटले नव्हते. तिच्या दारावरून मी रोज जात होतो, पण जिना चढलो नाही.

आपल्या घरोघरी अशा माई आहेत, श्रोतेहो. त्यांना पद्मभूषण मिळालेले नाही. कोणाला ओव्या येतात, कोणाला भोंडल्याची आणि झिम्मा-फुगडीची शेकडो गाणी येतात, कोणाच्या हाताला वाकळ शिवण्याची कला आहे, कोणी अजून चुलीपुढे बसून डोळे मिटून अभंग म्हणते. त्यांच्यापाशी जाऊन बसा. यंत्रावर ध्वनिमुद्रण करून घ्यायचे तर अवश्य घ्या. आता खिशातल्या फोनवरही ते होते. पण तेवढ्यावर भागवू नका. घरातल्या एका तरी मुलीला, एका तरी मुलाला पुढ्यात बसवा. आजीला म्हणावे, आजी, दोनदा म्हणून दाखवा. आणि पोराला सांगावे, बाळ, तिसऱ्यांदा मिळणार नाही. नीट ऐक.